आत्याला ताप नाही

२ मार्च

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. एसीच्या कंपनीने, मी ज्याच्या हाताखाली एसी दुरुस्त करतो त्या मिस्त्रीला भेट दिली होती, त्याने उघडलीसुद्धा नाही, म्हणून माझ्याकडे आली. छापलेले वार चुकीचे आहेत, ते मी खोडतोय. आठवीत मी शाळा सोडली. शाळेने हुश्श केलं असणार. तेव्हापासून हातात पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर. पेन आज धरतोय.

लिहायला आत्याने लावलं. ती आज सकाळी दवाखान्यात दाखल झाली. काचेची खोली आहे, आत जायचं तर हात धुवा, तोंडाला मास्क लावा, मग दार. सिस्टर म्हणाल्या, दिवसा घरचं कोणीतरी जवळ बसायला हवं. बाबा लांब गावाकडे, त्यांचे गुडघे गेलेले. या शहरात आमचं माणूस म्हणजे मी एकटा. मग मी बसलो. म्हणजे बसलो, उठलो, पडद्याची दोरी ओढून पाहिली, पलंगाची कळ दाबली. आत्या पायांकडून वर गेली.

"भिंगरी, खाली बस!" आत्या ओरडली. लहानपणापासून मला हेच नाव आहे तिच्याकडे.

"बसतोय की."

"तुला बसता येतं का? तुला जेवायला बसवायला दोन माणसं लागायची, एक धरायला आणि एक भरवायला. हात कशात तरी गुंतव, म्हणजे पाय थांबतील. लिही काहीतरी."

"काय लिहू?"

"माझी निंदा लिही. विषय पुरेल."

तर लिहितो. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, हाताने थोडं आणि जिभेने जास्त. तिला रक्तातला कॅन्सर आहे, मानेत आणि काखेत गाठी. औषधं झाली, गाठी गेल्या, परत आल्या. पुन्हा औषधं, पुन्हा तेच. इथल्या मोठ्या डॉक्टरांनी बाबांना फोनवर स्पष्ट सांगितलं : हा नवा उपाय चालला तर चालला, याच्यापुढे आमच्या हातात काही नाही. बाबांनी ते मला सांगितलं आणि बजावलं, आत्याला कळू देऊ नकोस. संध्याकाळी आत्यानेच मला ते शब्दाला शब्द सांगितलं. तिला कुठून कळलं, देव जाणे.

४ मार्च

आज पेशीवाल्या बाई आल्या. त्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत. दवाखान्याच्या मागच्या इमारतीत त्यांची प्रयोगशाळा आहे, तिथे शरीरातल्या लढणाऱ्या पेशींवर त्या संशोधन करतात. अंबाड्यात पेन खुपसलेलं, आणि दुसरं पेन शोधत सगळे खिसे चाचपत होत्या.

महिन्याभरापूर्वी त्यांनी आत्याचं रक्त काढून त्यातल्या लढणाऱ्या पेशी नेल्या होत्या. आज समजावून सांगितलं. म्हणाल्या, "तुमच्या पेशींना लढता येतं, ताई. पण कॅन्सरची पेशी आपलीच असते ना, घरातल्यासारखी दिसते. म्हणून या तिला ओळखत नाहीत, बाजूने निघून जातात. आम्ही त्यांना ओळखायला शिकवलंय. आता परत सोडायच्या."

मी म्हटलं, "म्हणजे कॉम्प्रेसर चांगला आहे, सेन्सर आंधळा आहे. तुम्ही सेन्सर बदलून दिला."

बाई थांबल्या. "हो, तसंच म्हणता येईल की." आणि ते वाक्य अंबाड्यातल्या पेनने हातावर लिहून घेतलं. पेन तिथेच असल्याचं मी तोपर्यंत सांगितलं होतं.

मला काय, एवढं पुरलं. बाई गेल्यावर मी आत्याला अख्खा एसी समजावून दिला. गॅस, कॉइल, पंखा, सगळं. ती ऐकत होती, हे विशेष.

"आणि बिघडलं तर?" तिने विचारलं.

"तापतं. मशीन तापायला लागलं की समजायचं, काम होत नाहीये. मग ते स्वतःच बंद पडतं, नाहीतर आपण बंद करायचं. तापलेल्यावर चालवत राहिलो की गेलंच. आम्ही नाही चालवत. सरळ उतरवून ठेवतो."

"उतरवून ठेवता," आत्या म्हणाली.

रोज सकाळी तिला कागदावर एक वाक्य लिहायचं आहे, रोज तेच. या उपायात कधी कधी डोकं गोंधळतं आणि ते अक्षरावरून आधी कळतं, म्हणून. कुठलंही वाक्य चालेल म्हणाल्या इथल्या एक उंच सिस्टर. आत्याने लिहिलं, "भिंगरी, खाली बस." सिस्टर इतक्या हसल्या की त्यांचा मास्क घसरला.

६ मार्च

पेशी सोडायच्या आधी जागा करायची म्हणून आत्याला औषध चढवतायत. त्याने तोंड येतं. तोंडात बर्फ धरला तर कमी येतं म्हणतात. पण मजल्यावरचं बर्फाचं मशीन बंद. सिस्टर म्हणाल्या, दुरुस्तीवाल्याला कळवलंय, येईल. मला ते "येईल" चांगलं माहीत आहे, मीही लोकांना तेच सांगतो.

मशीन उघडलं. पाणी आत येतं तिथली जाळी चोंदली होती, बाकी काही नाही. जाळी धुतली, बसवली, आणि थोड्या वेळात धडधड करत बर्फ पडायला लागला. उंच सिस्टर आधी ओरडल्या, कोणी परवानगी दिली, मग स्वतःच पेला घेऊन आल्या.

आत्याला पेलाभर नेऊन दिला. "तुझ्या हातचं काहीतरी खाल्लं बाई एकदाचं," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

९ मार्च

पेशी आल्या. स्टीलच्या डब्यातून, झाकण काढलं तर पांढरा धूर. इतकं थंड मीही कधी हाताळलेलं नाही. पिशवी कोमट पाण्यात धरून वितळवली आणि नळीला लावली. पिशवी तळहाताएवढी.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "मला वाटलं, वरात येईल."

"करोडोंनी आहेत त्यात, ताई," बाई म्हणाल्या. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांना तिथे काही काम नव्हतं. हात पाठीमागे बांधून बघत होत्या.

खोलीभर उकडलेल्या मक्याचा वास सुटला. पेशी गोठवताना घालतात त्या औषधाचा म्हणे. शेजारच्या काचेच्या खोलीत टोपीवाले काका आहेत, त्यांनाही हाच उपाय आमच्या आधी झालाय. त्यांनी काचेतून नाक धरून दाखवलं आणि मग अंगठा वर केला. आत्यानेही केला. दोघं कधी बोललेले नाहीत, पण दिवसभर खाणाखुणा चालतात.

बाई जाताना म्हणाल्या, "ताप आला, थंडी वाजली, काहीही वाटलं तरी लगेच सांगायचं. लगेच."

११ मार्च

टोपीवाल्या काकांना काल ताप भरला. आज सकाळी आम्ही बघत असताना त्यांना चाकाच्या पलंगावरून नेलं, भराभर, चार माणसं धावत. दुपारी सफाईवाल्याने खोली पुसली, गादी गुंडाळली. टोपी खिडकीत राहिली होती, ती पिशवीत घातली.

मी सिस्टरना विचारलं, कुठे नेलं? त्या घाईत होत्या. "खाली," म्हणाल्या.

आत्या त्या रिकाम्या खोलीकडे बघत होती. मी पडदा ओढला. "उघड," म्हणाली. आत्या गप्प असली की मला बसवत नाही. जिन्याने खाली-वर करून आलो.

१२ मार्च

आत्याला ताप नाही! बाबांना फोन केला. ते रडले. मिस्त्रीलाही सांगितलं, तो म्हणाला, "मग उद्या अर्धा दिवस ये, एका अख्ख्या इमारतीचे एसी लावायचं काम आलंय."

बर्फ मात्र सारखा मागते. तोंड आलंय का विचारलं तर म्हणते, हो. दाखव म्हटलं तर म्हणते, तू कधीपासून डॉक्टर झालास. आणतो बापडा.

१४ मार्च

ताप नाही.

खोली गार आहे म्हणून तक्रार. दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होती. मी खुर्चीवर चढून एसीची झडप बघितली. हवेचा झोत सरळ पलंगावर येत होता, तो वळवला. एवढ्या मोठ्या दवाखान्यात झडप कशी लावायची कळत नाही. तरी कुडकुडतेच आहे. उद्या आत जाळीत बघतो.

उंच सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तुमची नाडी फार पळतेय."

"पळू दे. जिभेबरोबर शर्यत आहे तिची," मी म्हटलं. आत्या हसली नाही. एरवी तिने मला झोडलं असतं.

एक गंमत. सिस्टर थर्मामीटर घेऊन येण्याच्या वेळा आत्याला तोंडपाठ झाल्यात. त्याच्या थोडं आधी मला बर्फाला पिटाळते. मी म्हटलं, तुला सिस्टरच्या आधी खाऊ लागतो का गं, लहान पोरासारखा? तर माझ्याकडे असं बघितलं की मी पेला घेऊन पळालोच.

१५ मार्च

पेशीवाल्या बाई मला आवडेनाशा झाल्यात.

आज आल्या, तक्ता वर-खाली पाहिला. "ताप अजिबात नाही?"

"नाही!" मी आणि आत्या एकदमच म्हणालो.

बाईंचं तोंड उतरलं. खरंच उतरलं, मी मास्कवरूनही ओळखलं. बाहेर जाऊन सिस्टरशी हळू बोलत होत्या. मी पाणी भरायच्या निमित्ताने मागे उभा राहिलो. बाई म्हणत होत्या, "रक्त एक सांगतंय आणि तक्ता दुसरंच." माणसाला बरं आहे तर यांना वाईट वाटतं! दुखणं नसलं तर यांचं संशोधन कसं चालणार, असं असेल.

आत्याला सांगितलं, तू काळजी करू नकोस, तुझा तक्ता एक नंबर आहे. ती म्हणाली, "भिंगरी, माझं काही झालं तर तू हे शहर सोडून पळू नकोस हं. एक जागा धरून राहा." मी म्हटलं, तुला काय होतंय, ताप आहे का तुला? "नाही रे," म्हणाली.

आज वाक्य लिहिताना "भिंगरी, खाली" एवढंच लिहिलं आणि पेन ठेवलं. आळस. मी म्हटलं, पुढचं मी पाळतो, आणि बसलो.

१६ मार्च

जिन्यात बसून लिहितोय.

दुपारी बाई आल्या तेव्हा मी नुकताच पेला भरून आणला होता. सिस्टर आत थर्मामीटर घेऊन. आत्याच्या तोंडात आधीच बर्फ होता, तिने तो पटकन गिळला. आकडा साधारण. सिस्टरने तक्त्यावर मांडलं.

बाई म्हणाल्या, "पेशी भराभर वाढतायत. आज तर काल होत्या त्याच्या किती तरी पट. असं असून ताप नाही, हे मी अजून पाहिलेलं नाही." आणि त्यांची नजर माझ्या पेल्यावर आली.

"हे काय?"

"बर्फ. मीच दुरुस्त केलं मशीन."

"कधी देता?"

"मागते तेव्हा. सिस्टर तपासायला यायच्या आधी."

मी हे बोललो आणि तरीही मला काही कळलं नव्हतं. बाईंनी पुढे होऊन हाताची मागची बाजू आत्याच्या मानेला लावली.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. आणि हसल्या. मास्क होता, पण डोळे हसले, मी पाहिलं.

मग ओरडल्या, "कानातलं थर्मामीटर आणा! खाली कळवा, पलंग तयार ठेवायला सांगा!" एकशे चारच्या पुढे होता ताप. आत्या माझा हात धरून म्हणाली, "बाबा, मशीन उतरवू नका." परक्या माणसाला म्हणावं तसं मला बाबा म्हणाली. मला ओळखत नव्हती.

चार माणसं धावत आली.

१७ मार्च

खाली आयसीयूत ठेवलंय. आत सोडत नाहीत. ती हसली. माझी आत्या तापाने फणफणली होती आणि ती बाई हसली.

बाबांना काय सांगू? "ताप नाही" असं रोज सांगितलंय.

१९ मार्च

बाहेरच्या बाकावर येऊन बाई माझ्या शेजारी बसल्या. दोन कागदी पेल्यांत चहा. मी घेतला नाही. मग घेतला.

"ताप उतरतोय," त्या म्हणाल्या. "सकाळी त्यांनी मला विचारलं, माझा भाचा बसलाय की फिरतोय."

माझ्या हातून चहा सांडला. मग म्हटलं, "तुम्ही हसलात."

"हसले."

"ती तशी असताना."

"हो. चुकलंच माझं." बाई आपल्या पेल्यात बघत होत्या. "किती वर्षं मी या पेशी काचेच्या बशीत बघतेय. माणसाच्या अंगात त्या कॅन्सरला भिडल्या की असा ताप येतो, नेहमी नाही, पण बहुतेकदा. त्यांच्या मानेला हात लावला आणि मला वाटलं, भिडल्या! दुसऱ्याच क्षणी घाबरले. भिडल्या की त्यांना आवर राहत नाही, माणूसच जळायला लागतो. तो ताप वेळेवर उतरवायचं औषध आमच्याकडे असतं. फक्त ताप आलाय हे आम्हाला कळावं लागतं."

"म्हणजे ताप म्हणजे काम चाललंय?"

"काम चाललंय."

"आणि बर्फ आणखी एक दिवस दिला असता तर?"

बाईंनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाल्या, "थर्मामीटर कानात लावायला हवं होतं. नाडी पळत होती, थंडी वाजत होती. आम्हाला दिसायला हवं होतं." मी झडपेचं सांगितलं नाही.

तेवढ्यात जिन्याकडून एक माणूस आला, नळीच्या खांबाचा आधार घेत, हळूहळू. डोक्यावर टोपी. माझ्याकडे बघून त्याने अंगठा वर केला. मी उठून त्याला मिठीच मारणार होतो, सिस्टरने अडवलं. काका खालच्याच मजल्यावर होते इतके दिवस.

२० मार्च

आज आत सोडलं. आत्या निम्मी झालीये, पण डोळे तिचेच.

"का केलंस असं?" मी विचारलं. "ताप लपवलास?"

"तूच म्हणालास ना, तापलं की काम होत नाहीये. तापलेलं तुम्ही चालवत नाही, उतरवून ठेवता. त्या टोपीवाल्याला ताप आला आणि त्याला उतरवून ठेवलाच की! मला वाटलं, मलाही ताप आला तर हे उपाय बंद करतील. मग पुढे काही नाही. म्हटलं, चार दिवस काढू, ताप उतरेल, कोणाला कळणार नाही."

मी उभाच राहिलो. माझीच अक्कल. वर बर्फही माझाच.

"अगं, ते एसीचं होतं!"

"मग मला काय माहीत? तू इतकं छान समजावलंस. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं मी, आणि बघ."

यावर मी रडलो की हसलो, मला नीट सांगता येणार नाही. उंच सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, पेशंटला हसवू नका, टाके नाहीत पण नळ्या आहेत.

संध्याकाळी टोपीवाले काका काचेपाशी येऊन उभे राहिले. आत्याने अंगठा वर केला, मग तोच हात कपाळाला लावून चटका बसल्यासारखा झटकून दाखवला. काकांनी टोपी काढून वारा घातला.

२४ मार्च

पुन्हा वरच्या खोलीत. ताप नाही, आणि या वेळी खरंच नाही. कानात, काखेत, सगळीकडे बघतात. मी पेला हातात घेतला तरी सिस्टर विचारतात, त्यात काय आहे. मिस्त्री म्हणतो, अख्ख्या शहरात बर्फ दिला म्हणून पकडलेला पहिला माणूस तू. इमारत अर्धी लावून झाली. सकाळी काम, दुपारी आत्या.

आत्याने मानेला हात लावून पाहिलं. मग माझा हात घेऊन तिथे ठेवला. जिथे सुपारीएवढी गाठ होती तिथे मला काही लागेना. मी दुसऱ्या बाजूला बघितलं, चुकून जागा चुकली असेल म्हणून. तिथेही नाही. दोघंही बाईंना काही बोललो नाही. बोललो तर परत येईल अशी भीती.

८ एप्रिल

मोठं मशीन करून झालं, ज्याच्यात माणसाला आत सरकवतात ते. आज निकाल. मी रात्रीच अंघोळ करून, सकाळी पुन्हा अंघोळ करून गेलो.

पेशीवाल्या बाई स्वतः आल्या. अंबाड्यात आज दोन पेनं. पडद्यावर आत्याचं चित्र लावलं. आधीचं, त्यात मानेपासून पोटापर्यंत ठिकठिकाणी दिवे लागल्यासारखे ठिपके. मग आताचं. अंधार.

"दिवे कुठे गेले?" मी विचारलं.

"विझले," बाई म्हणाल्या. मग लगेच सावरून, "आत्ता दिसत नाहीत, एवढंच मी म्हणेन. दर थोड्या महिन्यांनी बघत राहायचं. परत येऊ शकतं, हे मी लपवणार नाही."

"लपवायचं काम माझं," आत्या म्हणाली. बाईंनी डोळे पुसले, म्हणे मास्कची दोरी लागली.

बाबांना फोन लावला. काय झालं, काय झालं, ते विचारत राहिले आणि मी नुसता मुसमुसत राहिलो. आत्याने फोन ओढून घेतला. "अरे, जिवंत आहे मी. तुझा मुलगा रडतोय. ठेव आता."

मग मी खुर्चीवर बसलो. सिस्टर कागद आवरत होत्या, आत्या सामान भरत होती, कोणीतरी पलंग सरकवायला सांगितला, मी बसलोच. गेल्या महिन्याभराचं सगळं चालणं एकदम पायात उतरलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं, शेजारच्या खोलीत नवा पेशंट आला होता. झडपेतून गार हवा नीट येत होती, ती मीच वळवलेली.

"मावशी, शेवटचं वाक्य," उंच सिस्टरनी कागद पुढे केला.

आत्याने लिहिलं. सिस्टरनी वाचून भुवया वर केल्या. "हे रोजचं नाही. रोजचंच लिहायचं असतं."

"तो बसलाय ना समोर. आता त्या वाक्याचं काय लोणचं घालू?"

कागद माझ्याकडे आला. अक्षर सरळ, वेलांट्या ठसठशीत. "भिंगरी, ऊठ. घरी जाऊ."

"थांब ना आत्या," मी म्हटलं. "जरा बसू दे."